करड्या शर्टाची नोंद

सोमवार, ४ मार्च

आज कामाचा पहिला दिवस. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी राजकन्येची सोबतीण झाले. हुद्दा ऐकायला झोकदार, काम एवढंच : पार्कातल्या 'निळ्या तळ्याच्या महाला'त राजकन्या उभी असते, लोक रांगेनं येऊन तिला भेटतात, फोटो काढतात, आणि मी चार पावलांवर दोरी धरून उभी. एकाला आत सोडायचं, एकाला बाहेर काढायचं आणि तिच्या अंगाशी कुणी येत नाही ना ते बघायचं. अठरा वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिले, शाळा बंद पडली. रांग सांभाळायची सवय आहे.

राजकन्या म्हणजे चोवीस वर्षांची पोरगी. केसांचा टोप, मुकुट, पायघोळ निळा झगा. महालात असेपर्यंत तिला मोबाइल, बस, गॅस यातलं काहीच ठाऊक नसतं. मागच्या खोलीत आली की मुकुट काढून खराखरा डोकं खाजवते. आमचे सुपरवायझर दर दोन वाक्यांनी मनगटाकडे बघतात, म्हणून सगळे त्यांना 'घड्याळ' म्हणतात. त्यांनी एक वही दिली आहे. काही वावगं घडलं तर त्यात नोंद करायची. त्यात जे लिहिता येणार नाही, ते इथे लिहीन म्हणते.

ह्यांना सांगितलं, झाली बाई सुरुवात. "बरं," म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले. माझ्या नोकरीचा राग, दुसरं काय! हे टॉवर क्रेन चालवतात. बांधकामावर आभाळात ती केबिन लटकलेली दिसते ना, तिथे सत्तावीस वर्षं बसतायत. गेल्या नोव्हेंबरात ह्यांच्या क्रेनचा दोर तुटला, सळयांचा भारा खाली आला आणि खालून इशारे देणाऱ्या जोडीदाराचा पाय गेला. अकरा वर्षांची जोडी. चौकशी झाली, दोष दोराचा निघाला, ह्यांच्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही. विषय संपला. पण तेव्हापासून घरात मोजून चार शब्द. मी नोकरी शोधायला लागले तीही तेव्हापासूनच, म्हणजे कारण उघड आहे.

शनिवार, ९ मार्च

मला वाटलं होतं सगळी पोरंसोरंच येतील. पण बाप्ये किती! पोरं बिनधास्त जाऊन बिलगतात, खरी गंमत बाप्यांची. आज तिघे धिप्पाड भाऊ आले, ट्रकवाले, सोबत एकही मूल नाही. रांगेत एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तिच्यापुढे गेल्यावर तिघांनी शाळेच्या फोटोतल्यासारखे हात बांधले. "आपल्या राज्यात सगळं क्षेम आहे ना?" तिनं विचारलं. थोरला लालबुंद झाला. म्हणाला, "हो, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता जिना चढते."

एक निवृत्त हेडमास्तर दर शनिवारी येतात म्हणे. दारापाशी थांबून कंगवा फिरवतात, केस आहेत चार. तिला कोडं घालतात, ती मुद्दाम चुकते, ते उत्तर समजावून सांगतात आणि तरंगत बाहेर पडतात.

मागच्या खोलीत मी म्हटलं, "म्हातारपणी काय काय थेरं सुचतात एकेकाला."

पोरगी बिस्किट खात होती. "थेरं कसली, काकू? मजा येते त्यांना. मलाही येते."

मला नाही पटलं. घरी बायको असेल ना, तिला घालावं कोडं.

मंगळवार, १२ मार्च

दुपारी एक माणूस आला, एकटा, टाय वगैरे लावलेला. फोटो झाल्यावर त्यानं पोरीचं मनगट धरलं ते सोडेचना. ती हसत होती, तिला हसावंच लागतं, पण बोटं पांढरी पडत चालली होती. मी त्याच्या अंगावर धावून गेले, दोरीचा खांब खाली आपटला, दोन रक्षक आले, त्याला नेलं. तिच्या मनगटावर चार बोटं उमटली होती. तिनं त्यावर पावडर लावली आणि रांगेतल्या पुढच्या चिमुरडीला म्हणाली, "या, मी तुमचीच वाट बघत होते."

घड्याळांनी नवा नियम काढला. कुणीही मोठा माणूस एकटा तिसऱ्यांदा आला, की वहीत वर्णनासकट नोंद आणि त्यांना खबर. "अपवाद नाही," म्हणाले आणि मनगटाकडे बघितलं. बरोबरच आहे. मी तर पहिल्याच खेपेला लिहिलं असतं.

बुधवार, १३ मार्च

आज हे महालात आले!

चूक माझीच. जवळचा चष्मा घरी विसरले. ह्यांची बुधवारची सुट्टी, तो द्यायला आले. घरच्यांसाठी मिळालेला पास होताच. पण महाल गच्च भरलेला, दोरी सोडता येईना. मी डोळ्यांनीच खुणावलं, रांगेतून या. हे निमूट रांगेत उभे राहिले, पोराबाळांच्या मध्ये, हात पाठीशी. माझ्यापाशी आल्यावर चष्म्याचं घर माझ्या हातात ठेवलं. महालातला फोटोवाला म्हणाला, "वा! कुणाचा तरी चष्मा सापडला वाटतं काकांना." मी "हो" म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. परत वळायचं तर मागे रांग, म्हणून हे पुढे गेले, राजकन्येसमोर.

तिनं काहीतरी विचारलं. ह्यांनी काहीतरी सांगितलं. पोरांच्या कलकलाटात एक अक्षर ऐकू येईना. मग ती हात उंचावून काही बोलली आणि हे हसले. तोंडातल्या तोंडात नाही, खदखदून. चार महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर पुन्हा मुके. मीही विचारलं नाही. मी कशाला विचारू?

बुधवार, २० मार्च

परत आले. चष्मा नाही, निमित्त नाही, सरळ रांगेत. मी दोरी उचलल्यावर मला "धन्यवाद" म्हणाले! सव्वीस वर्षांच्या संसारात कधी धन्यवाद म्हटलं नाही. माझी चेष्टा चालली आहे. आत जाऊन हे तिला म्हणाले, "वीस." एवढं मी स्पष्ट ऐकलं. ती म्हणाली, "शाबास!" कसले वीस? वीस काय?

फोटोवाला म्हणाला, "करडा शर्ट परत आला बघा. आता हा पक्का झाला." सगळे हसले. मीही हसले.

तो शर्ट मी कालच इस्त्री केला होता.

बुधवार, २७ मार्च

तिसरी खेप. "पंचाहत्तर," हे म्हणाले. तिनं टाळ्या वाजवल्या. हे तिच्यापासून दोन हात लांब उभे राहतात, हात कायम पाठीशी, फोटोसुद्धा काढत नाहीत. गर्दी असली तर मागच्या पोरांना पुढे सोडतात. एवढी सभ्यता कधीपासून?

नियम तो नियम. फोटोवाल्यासमोर वही उघडली आणि लिहिलं : "अनोळखी इसम. वय अंदाजे पन्नाशीच्या पुढे. बांधा मध्यम. डाव्या भुवईवर जुना व्रण. करडा शर्ट. एकटा." व्रण कसा पडला तेही लिहिता आलं असतं. लेक वर्षाची असताना तिनं लाटणं फेकून मारलं होतं. 'अंदाजे' लिहिताना पेन अडखळलं.

मग का लिहिलं? सांगू कुणाला की हा माझा नवरा आणि ह्याला घरी बोलायला जड जातं, इथे मात्र जीभ सुटते? माझंच हसं.

एक मात्र बरं झालं. ह्यांच्या कपड्यांना क्रेनचं ग्रीस लागत नाही थंडीपासून. नवा साबण चांगला निघाला.

रविवार, ३१ मार्च

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "आई, तू बाबांशी बोलतेस ना?"

"त्यांनी तोंड उघडलं तर बोलेन."

"त्यांनी मला विचारलं, शिडीची भीती वयानं बसते का म्हणून."

मी म्हटलं, घरातली शिडी मोडून दोन वर्षं झाली, ह्यांना आता आठवण झाली. मग म्हणाली, "आई, विचार गं त्यांना नीट." मला चिडच आली. बाप-लेकीचं गूळपीठ असतंच, आता त्या निळ्या झग्याचीही भर.

बुधवार, ३ एप्रिल

"एकशे दहा."

ह्यांचा चेहरा उतरलेला होता, तळहाताला फोड आलेला दिसला. पोरगी हळू आवाजात बराच वेळ बोलली. नेहमीची वेळ एक मिनिट, मी घड्याळ लावून बघितलं, तीन मिनिटं झाली. मी मोठ्यानं म्हटलं, "पुढचे पाहुणे!" ह्यांनी माझ्याकडे बघून मान लववली आणि निघून गेले.

रांगेतल्या एका बाईनं ऑफिसात तक्रार केली. एकटा पुरुष दर आठवड्याला येतो, आमच्या मुली असतात इथे. तिचं तरी काय चुकलं? त्या टायवाल्याची गोष्ट सगळीकडे पसरली आहे. घड्याळांनी मला बोलावून वही उघडली. "ही नोंद तुमची. ओळखता ह्याला?"

"नाही."

एवढं सहज निघालं तोंडातून. घरी सांगायला हवं होतं की पुढच्या बुधवारी येऊ नका. चारदा तोंड उघडलं. हे बोटावर काहीतरी मोजत बसले होते. म्हटलं, बसा मोजत.

बुधवार, १० एप्रिल

लिहवत नाही, पण लिहिते.

हे रांगेत होते. पुढे दोन मुली. घड्याळ आणि दोन रक्षक सरळ आले आणि ह्यांना बाजूला घेतलं. म्हणजे बाजूला कसलं, सगळ्यांच्या देखत.

"आपण इथे कशासाठी येता?"

हे म्हणाले, "राजकन्येला भेटायला." मागे कुणीतरी फिसकन हसलं. एका बाईनं आपल्या मुलीला कवेत ओढून घेतलं. ह्यांनी ते बघितलं. ह्यांचे कान लाल झाले.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"इथे आपल्याला ओळखणारं कुणी आहे का?"

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोरी धरून चार पावलांवर. सगळं अंग ओरडत होतं, बोल, बोल, अगं बोल! मी दोरीची गाठ आवळत राहिले. फोटोवाला बघत होता, घड्याळ बघत होते. हे माझ्याकडे बघत राहिले, मग मान वळवून म्हणाले,

"नाही. इथे मला कोणी ओळखत नाही."

माझी नोकरी वाचवली ह्यांनी. की मला माझ्याच शब्दानं मारलं, कळत नाही.

पोरगी जागा सोडून पुढे आली. त्या टायवाल्याची धास्ती अजून आहे तिला, तरी आली. "हे आमच्या राज्याचे पाहुणे आहेत," म्हणाली, राजकन्येच्याच आवाजात, पण तो आवाज कापत होता. घड्याळ म्हणाले, "आपण जागेवर." ह्यांना घेऊन गेले. दारातून हे वळले आणि तिला म्हणाले, "एकशे चाळीस." बस्स.

ऑफिसात ह्यांचा फोटो काढला, कागदावर सही घेतली, प्रवेशबंदी. मी संध्याकाळपर्यंत दोरी धरून उभी होते. "या, या," म्हणत होते.

घरी आले तर ह्यांनी अंडी उकडून ठेवली होती. जेवलो. मीठ द्या, घ्या, एवढंच.

गुरुवार, ११ एप्रिल

मागच्या खोलीत पोरगी घड्याळांच्या नावानं बोटं मोडत होती. मला रडू कोसळलं. "काकू, तुम्हाला काय झालं?"

"तो माझा नवरा आहे," मी म्हटलं.

तिच्या हातातला मुकुट टेबलावर आपटला. मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं नेहमीचंच विचारलं, आपण काय करता? हे म्हणाले, उंच मनोऱ्यात बसायचो. ती म्हणाली, म्हणजे आपण शेजारी, माझाही मनोरा आहे, उतरलात का? हे म्हणाले, उतरलो नाही, आता चढता येत नाही. शिडीच्या तिसऱ्या पायरीला पाय लटपटतात.

"मला काय बोलावं सुचेना, काकू. राजकन्येला काय येतं? हुकूम सोडता येतो. मी म्हटलं, पुढच्या भेटीपर्यंत वीस पायऱ्या चढा, ही आमची आज्ञा. तेव्हा ते हसले. जाताना डोळे पुसत होते."

जाताना माझ्याकडे पाठ होती ह्यांची. मला फक्त हसू ऐकू आलं होतं.

दोनशे सोळा पायऱ्या आहेत. नोव्हेंबरपासून हे वर गेलेलेच नाहीत, गोदामात सामान मोजायला बसवलंय. साहेबांनी एप्रिलअखेरची मुदत दिली आहे, चढले नाहीत तर काम सुटलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे जेवत असताना हे एकटे शिडीवर. गोदामात बसून कपड्यांना ग्रीस कुठून लागणार, आणि मी श्रेय दिलं साबणाला!

"तुझ्याशी बोलले, माझ्याशी का नाही?" मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"मी म्हटलं होतं त्यांना, घरी सांगा. म्हणाले, तिच्या मते तो विषय संपलाय." मग ती घाईनं म्हणाली, "पण दरवेळी जाताना सांगायचे, ती दोरीवाली बाई फार शिस्तीची आहे, तिच्या आज्ञेत राहा."

शुक्रवार, १२ एप्रिल

सकाळी घड्याळांच्या टेबलासमोर उभी राहिले. "करडा शर्ट माझा नवरा आहे. वहीत खोटं लिहिलं. विचारलंत तेव्हाही खोटं बोलले."

ते मनगटाकडे बघायला विसरले. "सहीखाली पत्ता होता. तुमच्याही अर्जावर तोच आहे. दोन दिवस वाट बघत होतो, येता का."

बंदी उठवायला कागद वर पाठवतो, महिना लागेल, म्हणाले. माझं काम मात्र आजपासून बंद. ज्या माणसाच्या नोंदीवर विश्वास नाही त्याला दोरीवर ठेवता येत नाही. ह्यात वाद घालण्यासारखं काय होतं? पोरगी रांग सोडून निरोप द्यायला येऊ शकली नाही. लांबूनच तिनं झगा धरून वाकून नमस्कार केला. हेडमास्तरांना करते तसा.

घरी सांगण्याचा धीर झाला नाही.

सोमवार, १५ एप्रिल

शनिवार, रविवार मुक्यानंच गेले. आज जेवणाच्या सुट्टीत ह्यांच्या साइटवर गेले. वॉचमननं हेल्मेट दिलं, ते डोळ्यांवर येत होतं. सगळे डबे उघडून बसलेले. हे क्रेनच्या पायथ्याशी शिडीला एक हात लावून उभे. चढत नव्हते. नुसता हात.

बसमध्ये घोकत आले होते, "ही आमची आज्ञा" वगैरे म्हणेन. ह्यांना बघितलं आणि ते शब्द पळूनच गेले. मी कुठली राजकन्या!

"त्या दिवशी मी गप्प बसले," मी म्हटलं.

"नोकरी होती तुझी."

"गेली ती. शुक्रवारी."

ह्यांनी शिडी सोडली. सिमेंटच्या गोण्यांवर दोघं बसलो. बराच वेळ हे बुटाच्या टोकानं माती उकरत होते. मग म्हणाले, "दोर तुटायच्या आधी आवाज झाला होता. टण् असा. मला ऐकू आला. मी अर्धा क्षण विचार केला, कसला आवाज. ओरडलो असतो तर तो बाजूला झाला असता. चौकशीत मला हे कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही."

माझ्या तोंडात आलं होतं, चुकी दोराची होती, झालं ते झालं. गिळलं. "अजून ऐकू येतो?" एवढंच विचारलं.

"तिसऱ्या पायरीपासून," हे म्हणाले.

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत बोलत होते. एवढं तर लग्न ठरल्यावरही बोलले नव्हते. शेवटी उठले आणि चाळीस पायऱ्या चढून खाली आले. घामानं निथळत होते. मला विचारलं, "उद्या येशील?"

"मला आता दुसरं काम काय आहे?"

सोमवार, २२ एप्रिल

सगळा आठवडा जात होते. मंगळवारी नव्वद. गुरुवारी दीडशे. शुक्रवारी पंचवीसवरूनच परत आले.

आज सकाळी हे म्हणाले, "दुपारी नको, आत्ताच चल." साहेबांना सांगून आठ वाजता शिडीला हात घातला. मी खालून मोजत होते. मान अवघडली. एकशे सत्तरनंतर मोजता येईना, नुसते बूट दिसत होते. तिथेच कुठेतरी थांबले. पाच मिनिटं. दहा. खाली इशारे द्यायला आलेल्या नव्या माणसानं वायरलेस तोंडाशी नेला. "काका, उतरा, असं सांगतो."

मी त्याचा हात धरला. "राहू द्या. त्यांचं त्यांना ठरवू द्या." पडले असते तर? ते मीच थांबवलं नाही म्हणून पडले असते. अर्धा क्षण म्हणजे काय ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

बूट हलले. एक पायरी. मग आणखी एक. मग बूटही दिसेनासे झाले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग माझा मोबाइल वाजला.

"तू अजून खालीच आहेस?" धापा टाकत होते. मागे वारा घोंघावत होता.

"मग कुठे जाऊ?"

"घरी जा. पाच वाजतील मला."

"पाचपर्यंत बसते."

मग म्हणाले, "तिथे नको उभी राहूस. भाऱ्याखाली येतेस. पिवळ्या पट्ट्याच्या मागे सरक."

मी सरकले.

"आणखी."

आणखी सरकले. पाठ कुंपणाच्या पत्र्याला टेकली. "आता मागे जागा नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले. आणि वर, आभाळात, क्रेनचा तो लांबलचक हात हळूहळू वळायला लागला.